रिकाम्या जागेला वळसा

आमच्या मोठ्या जाऊबाईंकडे नवं बाळ आलं की पहिला आठवडाभर त्या त्याला खाली ठेवतच नाहीत. कडेवर घेतात आणि घर दाखवतात. "हे दार. ही दाराची कडी. ही खिडकी, बाहेर ऊन. हा नळ, हात लाव, गार." बाळाला शेंडा-बुडखा काही कळत नसतो. ते आधी जाऊबाईंच्या तोंडाकडे बघतं, मग त्या जिकडे बघतात तिकडे बघतं, मग परत तोंडाकडे. नळाचं पाणी हातावर पडलं की दचकतं, आणि रडायचं की हसायचं तेही जाऊबाईंच्या चेहऱ्यावरूनच ठरवतं. त्या हसल्या की ते हसतं. असं रोज, सकाळ-संध्याकाळ, त्याच क्रमाने. आठवड्यानंतर बाळ खाली उतरतं ते दोन खोल्यांचा मालक होऊनच.

गल्लीत याला पाळणाघर म्हणतात. खरं तर पुढची मोठी खोली मुलांची, मागची स्वयंपाकाची, एवढाच पसारा. मुलांची खरी नावं त्यांच्या आयांना माहीत. इथे जाऊबाई ठेवतील ते नाव. एक साहेब होते, सगळं हातात आणून द्यावं लागायचं म्हणून. एक भोंगा होता, त्याचं कारण सांगायला नको. आणि एक टिल्ली, नर्सबाईंची मुलगी, वीतभर उंचीची आणि हातभर हट्टाची.

मी धाकटी जाऊ. माझा अर्धा जन्म गाडी चालवायला शिकवण्यात गेला. शेजारच्या सीटवर बसायचं, ब्रेकवर पाय ठेवायचा आणि लोकांच्या हातात आपला जीव द्यायचा, हा धंदा. स्वभाव तापट होताच, धंद्याने तो पक्का केला. "बाई, तो खांब तुमचा सासरा आहे का, त्याच्याकडे कशाला बघता?" असं मी भर रस्त्यात ओरडत असे. कारण शिकाऊ माणूस जिकडे बघतो तिकडेच गाडी नेतो. खांब चुकवायचा म्हणून खांबाकडे बघतो, आणि नेमका खांबावरच जातो. पुढे ब्रेक दाबून दाबून गुडघा कामातून गेला, तशी मी घरी बसले. घरी आमच्या यांना चालण्यावरून, बसण्यावरून, चहा ओतण्यावरून सूचना द्यायला लागले, तेव्हा त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "वहिनीकडे जा. तिथली मुलं अजून बोलत नाहीत, तुझं पटेल." म्हणून मी रोज जाऊबाईंकडे जाऊन बसायला लागले.

भाऊजींना, म्हणजे जाऊबाईंच्या यजमानांना, जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. ते घड्याळं दुरुस्त करत. मग अंगावरून वारं गेलं, उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. शेवटची काही वर्षं ते पुढच्या खोलीत लाकडी हातांच्या खुर्चीत बसून असत. खुर्ची अगदी मधोमध, स्वयंपाकघराच्या दारापासून बाहेरच्या दारापर्यंतच्या वाटेवर. अडचण व्हायची, पण तिथून दोन्ही दारं दिसत आणि खिडकीतलं ऊन पायावर येई, म्हणून ते तिथून हलायला तयार नसत. बोलता येत नव्हतं, तर टाळूला जीभ लावून 'टक्' असा आवाज काढत. मुलांना तो आवाज फार आवडे. रांगत जात, त्यांचा गुडघा धरत आणि उभी राहत. आमच्या गल्लीतली कितीतरी पोरं भाऊजींच्या त्या न हलणाऱ्या गुडघ्याला धरून उभं राहायला शिकली आहेत.

ते गेल्यावर आठवड्याच्या आत जाऊबाईंनी खुर्ची भंगारवाल्याला देऊन टाकली. बसून बसून तिची बैठक भाऊजींच्या अंगासारखी खोल झाली होती. "ती खुर्ची बघितली की ते नाहीत हे दिसतं गं," असं म्हणाल्या. मग तिथे रबरी चटई अंथरली. खाली खुर्चीच्या पायांच्या खुणा होत्या त्याही झाकल्या गेल्या. मी ज्या मुलांबद्दल सांगते आहे, त्यांतल्या एकानेही ना भाऊजींना बघितलं होतं, ना ती खुर्ची. ही गोष्ट ध्यानात असू द्या.

पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं ते चेंडूमुळे. भर दुपार होती. साहेबांनी चेंडू ढकलला, तो खोलीच्या मधून सरळ घरंगळत पलीकडच्या भिंतीला लागला. साहेब त्याच्यामागे रांगत निघाले, आणि मध्यापर्यंत आल्यावर डावीकडे वळले, अर्धगोल वळसा घालून पलीकडे गेले आणि चेंडू घेतला. मोकळी चटई होती. चेंडू सरळ गेला आणि साहेब वळून गेले. मला हसू आलं. मग भोंगा निघाला, तोही तसाच वळून गेला. मग टिल्ली. तिने तर वळताना हात वर करून कशाला तरी हलकेच थोपटलं.

माझं हसू गेलं. मी उठले आणि मुद्दाम त्या जागेवरून सरळ चालत गेले.

खोली एकदम गप्प झाली. भोंगासुद्धा. सगळी मुलं माझ्याकडे बघत होती, मी काहीतरी फार वाईट वागल्यासारखी. आणि मग त्यांची नजर माझ्यावरून हलली आणि माझ्या कमरेच्या थोडी वर जाऊन थांबली, बसलेल्या माणसाचा चेहरा जिथे असतो तिथे. टिल्लीने टाळूला जीभ लावली आणि म्हटलं, "टक्."

मी दोन ढांगांत तिथून बाजूला झाले, दुखरा गुडघा विसरून.

जाऊबाई स्वयंपाकघराच्या दारात केळं कुस्करत उभ्या होत्या. त्यांचे डोळे भरून आले होते, पण चेहरा इतका खुललेला मी दोन वर्षांत बघितला नव्हता. "तुला कळलं ना?" त्या हळूच म्हणाल्या. "मी कोणाला बोलले नाही. वेड लागलं म्हणतील. पण ते आहेत गं, धाकटे. मला नाही दिसत, पोरांना दिसतात."

मी काही बोलले नाही, आणि मी काही न बोलणं ही आमच्या घराण्यात नोंद घेण्यासारखी गोष्ट आहे. कारण ते सगळं मला दिसत होतं. भाऊजी गेल्यावर जाऊबाई चिमणीएवढं जेवत. आता पोटभर जेवत होत्या. मुलांना झोपवताना गुणगुणत होत्या. एका बाईचा उडालेला जीव परत थाऱ्यावर आला होता, त्यात मी कशाला नाक खुपसू?

पण लोकांचे डोळे थोडेच बंद असतात! साहेबांची आजी एकदा त्यांना न्यायला आली. साहेब मधोमध बसून, हातातली वाटी हवेत पुढे करून, कोणीतरी घेईल म्हणून वाट बघत होते. कोणी घेईना तशी त्यांनीच ती मागे घेतली आणि खुदकन हसले. "हा कोणाला देतोय? कोणाला हसतोय?" आजीने विचारलं. जाऊबाई हसल्या फक्त. दुसऱ्या दिवसापासून साहेब यायचे बंद झाले. मग आणखी एक मूल गेलं. आया फाटकाशी उभ्या राहून कुजबुजायला लागल्या.

तेव्हा मात्र मी माझ्या पद्धतीने कामाला लागले. एखाद्याची गाडी सारखी वाकडी जात असेल तर मी चाकाकडे बघत नाही, त्याच्या डोळ्यांकडे बघते. आणि ही मुलं शिकाऊ होती. मग शिकवणारं कोण? मी कोपऱ्यात स्टूल टाकून बसले आणि मुलांवरची नजर काढून जाऊबाईंवर ठेवली.

अगदी पहिल्याच सकाळी दिसलं. त्या दुधाचं पातेलं घेऊन स्वयंपाकघरातून निघाल्या, आणि खोलीच्या मधोमध आल्यावर त्यांनी कंबर आत घेतली. खुर्चीचा हात लागू नये म्हणून वर्षानुवर्षं घ्यायच्या तशी. वळसा घातला आणि पुढे गेल्या. त्यांच्या मनात दूध होतं. वळसा पायांत होता.

त्याच सुमारास एक नवं बाळ आलं होतं, अजून नावही न पडलेलं. जाऊबाई त्याला कडेवर घेऊन घर दाखवत होत्या. "हे दार. ही दाराची कडी. ही खिडकी, बाहेर ऊन." मग त्या थांबल्या. एका श्वासापुरत्या. नजर बाजूला, जरा खाली वळली, चेहरा मऊ झाला आणि जीभ आपोआप टाळूला लागली, टक्. मग वळसा, आणि "हा पंखा." त्यांना यातलं काहीही ठाऊक नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन.

बाळाने मात्र सगळं घेतलं. पहिल्या दिवशी त्याने जाऊबाईंचा चेहरा बघितला, त्या बघत होत्या तिकडे बघितलं, काही सापडलं नाही, परत चेहऱ्याकडे आलं. चेहरा तर सांगत होता की इथे कोणीतरी आपलं आहे. दुसऱ्या दिवशी ते तिथे जास्त वेळ शोधत राहिलं. मग एका सकाळी, जाऊबाई थांबायच्या आधीच त्याने मान वळवली, बरोबर त्या उंचीवर, आणि ओळखीचं माणूस भेटावं तसं तोंडभर हसलं. माझ्या डोळ्यांदेखत रिकाम्या जागेत माणूस भरला गेला. भूत असतं तर मी इतकी घाबरले नसते.

म्हणजे भूत नव्हतं. जाऊबाई होत्या. मला हायसं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. आता हे त्यांना सांगायचं कोणी? भाऊजी एकदा गेले तेव्हा जाऊबाई कशाबशा उठल्या होत्या. ते दुसऱ्यांदा घालवायचे, आणि तेही माझ्या तोंडाने? मी तोंडाला कुलूप लावलं.

ते कुलूप टिल्लीने तोडलं. ती उभं राहायच्या बेतात होती. त्या दुपारी ती रांगत मधोमध गेली, गुडघ्यांवर बसली, दोन्ही हात वर केले आणि तळवे खाली करून टेकवले. जमिनीवर नाही, हवेत. आणि उठली. मी स्वतः बघितलं. तिचे हात स्थिर होते, बोटं वाकलेली, जसं काही हातात धरलंय. पाय लटपटत होते, पण ती उभी होती. वर बघून हसलीही. मग ती तशीच पुढे कोसळली, तोंडावर.

ओठ फुटला. रक्त आलं. जाऊबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या, टिल्लीला उचलून छातीशी घेतलं आणि त्या रिकाम्या जागेवर ओरडल्या, "अहो, धरलं का नाही तिला?"



नर्सबाई आल्या, त्यांनी जखम पुसली. शांत बाई. "मुलांना लागतंच हो," त्या म्हणाल्या. मग खोलीभर नजर फिरवून विचारलं, "पण ही धरून काय उभी राहत होती? इथे तर काहीच नाही." जाऊबाईंनी चटईकडे बघितलं, मी जाऊबाईंकडे. टिल्लीला खांद्यावर घेत नर्सबाई म्हणाल्या, "मला कामावर जाताना हिची काळजी नसली पाहिजे, एवढंच. तुम्ही दोघी बोला. उद्या तिला आणते. त्यानंतरचं उद्या ठरवू."

त्या गेल्यावर मी सगळं सांगितलं. कंबर आत घेणं, श्वासभर थांबणं, टक्, सगळं. गोड करून सांगता येत नाही मला, म्हणून जसं बघितलं तसं सांगितलं.

जाऊबाई आधी भडकल्या. "तुला नं, कोणाचीही गाडी नीट चाललेली बघवतच नाही. आयुष्यभर ब्रेकवर पाय!"

"ताई, पोरीचा ओठ फुटलाय. उद्या डोकं फुटेल. तुम्ही जे दाखवता त्यावर ती भार टाकते."

त्या बसल्या. बराच वेळ हातातलं फडकं दुमडत राहिल्या, उलगडत राहिल्या, परत दुमडत राहिल्या.

"म्हणजे मी दाखवते म्हणून ते आहेत," त्या म्हणाल्या.

"हो."

"आणि मी दाखवायचं थांबवलं की?"

मला उत्तर येत होतं. त्यांनाही ते येत होतं.

आधीच सांगून टाकते, टिल्ली कुठेही गेली नाही, आता शाळेत जाते आणि वाटेत इथे डोकावून सगळ्यांवर दादागिरी करते. पण मला सांगायचं आहे ते त्या दुसऱ्या सकाळचं.

मुलं आली होती. चमचे आपटणं चाललं होतं. भोंगा चमचा खाली टाकत होता, तो पडलेला बघत होता, मी उचलून दिला की परत टाकत होता. हा प्रकार थट्टेचा नाही, तो खात्री करून घेत असतो की आज टाकलं तरी खालीच पडतं का. जाऊबाईंनी टिल्लीला कडेवर घेतलं. तिचा ओठ सुजला होता. "चल," त्या म्हणाल्या, "घर परत दाखवते." आवाज बसलेला होता, रात्रभर रडल्या असणार. मुलांनी चमचे सोडून वर बघितलं.

"हे दार. ही दाराची कडी. ही खिडकी, बाहेर ऊन."

आणि त्या थांबल्या. या वेळी श्वासापुरत्या नाही. वळशाच्या तोंडाशी उभ्या राहिल्या, पाय उचलेना. मला वाटलं, नाही जमणार. खरं सांगते, जमू नये असंही वाटलं.

मग त्यांनी डोळे घट्ट मिटले. "इथे," त्या म्हणाल्या, "इथे काही नाही, बाळा." आणि सरळ पुढे पाऊल टाकलं. मग दुसरं. जिथे खुर्चीची बैठक होती बरोबर तिथे, चटईच्या मधोमध, टिल्लीला धरून उभ्या राहिल्या. मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

मी त्यांच्या पायांकडे बघत होते. ठरवूनच. माझ्या नजरेने मुलांना काही शिकवायला नको म्हणून पायांवरून डोळे हलवले नाहीत. त्यांचे डोळे मिटलेले, माझे खाली. त्या खोलीत त्या क्षणी मुलांना कुठे बघायचं हे सांगणारं कोणीही नव्हतं.

तरी मला डोळ्याच्या कडेने दिसलं. भोंग्याची मान वर झाली. बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यापासून वर, आणखी वर, उठून उभ्या राहिलेल्या माणसाच्या चेहऱ्यापर्यंत. मग ती हळूहळू बाजूला वळायला लागली. नव्या बाळाची मान तशीच वळली. जाऊबाईंच्या खांद्यावरून टिल्लीचीही. सगळ्या माना एका वेगाने, बाहेरच्या दाराकडे. तो वेग पाय ओढत चालणाऱ्या माणसाचा होता.

दारापाशी माना थांबल्या. नव्या बाळाने हात वर केला आणि मूठ उघडली, मिटली, उघडली. टाटा करायला त्याला अजून कोणी शिकवलं नव्हतं.

"रडतायत का गं पोरं?" जाऊबाईंनी डोळे न उघडता विचारलं.

"नाही, ताई."

"मग काय करतायत?"

"खेळतायत," मी म्हटलं.

दाराला कडी लावलेली होती. मुलं रांगत बाहेर जाऊ नयेत म्हणून आम्ही ती नेहमीच लावतो. आणि मुलं दाराकडे बघतच होती, कोणीतरी तिथे खोळंबलं असावं तशी. मी स्टुलावरून उठले, गुडघा दाबत दारापर्यंत गेले, कडी काढली आणि दार उघडलं.

"दार कशाला उघडलंस?" मागून जाऊबाईंनी विचारलं.

"उकडतंय फार," मी म्हटलं.

दार धरून मी बाजूला उभी राहिले, वाट सोडून. बाहेर ऊन होतं, गल्लीत कोणी नव्हतं. मी मुलांच्या तोंडाकडे बघत राहिले. मग भोंग्याने मान वळवली आणि चमचा उचलून खाली टाकला. नवं बाळ स्वतःच्या पायाशी खेळायला लागलं. टिल्लीने जाऊबाईंच्या गालावरच्या पाण्याला बोट लावलं आणि ते तोंडात घालून बघितलं.

तेव्हा मी दार लोटलं आणि कडी लावली.